नेटा गिलफिलन कमिटीवर जाते

क्रिसी लॅफर्टीला कमिटीसाठी माणूस धरायचं असलं की ती कधी दार वाजवत नसे. दार वाजवलं की लोक आतून टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि घरी नसल्यासारखे गप्प बसतात, हे तिला इतक्या वर्षांत पुरतं ठाऊक झालं होतं. ती पाळत ठेवायची जिन्यावर. आमच्या इमारतींमध्ये जिना धुण्याची पाळी असते. ज्या घराची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली असते, त्यामुळे कुणाला कुठे गाठायचं हे शोधायला डोकं लागत नाही. बाई वरून धूत धूत जिन्याच्या मध्यावर आली, की क्रिसी खालून शिरायची आणि कोरड्या पायरीवर ठाण मांडून उभी राहायची. वर पळावं तर स्वतः धुतलेल्या ओल्या पायऱ्यांवर पाय उमटणार, खाली जावं तर वाटेत क्रिसी. स्कॉटलंडमधल्या आमच्या या ग्रीनॉकमध्ये माणूस एक वेळ चर्चमध्ये शिट्टी वाजवेल, पण ओल्या जिन्यावर पाय देणार नाही.

नेटा गिलफिलन अशीच सापडली. साठी ओलांडलेली, अंगाने बारीक, पण भरलेली बादली अशी उचलायची की बघणाऱ्याला ती रिकामीच वाटावी. तरुणपणी साखर कारखान्यात पाकिटं भरली, कारखाना बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात गेली आणि निवृत्त होईपर्यंत पोरांना सूप वाढत राहिली. तिच्याबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही, की तिने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. घरातली साखर संपली तर शेजारी वाटी घेऊन जाण्याऐवजी ती बिनसाखरेचा चहा प्यायची, आणि वर म्हणायची की असाच बरा लागतो. असल्या माणसांचं लोकांना कौतुक वाटतं. त्यांच्याबरोबर संसार करणं मात्र सोपं नसतं. तिच्या नवऱ्याला, मर्डोला विचारा.

"किती घासशील, बाई? दगड झिजेल," क्रिसी म्हणाली.

"क्रिसी, मी कामात आहे."

"दिसतंय की. म्हणूनच आले."

नेटाने मागे वळून बघितलं. वरच्या पायऱ्या चकचकीत ओल्या होत्या. "नाही," ती म्हणाली.

"अगं, मी अजून विचारलं कुठं?"

"तू काय विचारणार ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. मासेवाल्याकडे विचारतेस, चर्चमध्ये विचारतेस, परवा म्हणे दाताच्या डॉक्टरकडे एका बाईला तोंड उघडं असताना विचारलंस. मला त्यातलं काही कळत नाही."

"मला तरी कुठं कळत होतं? बेला टोनरनं मला सांगितलं, महिन्यातून एकदा चहा आणि बिस्किट. तो चहा अजून संपला नाही." क्रिसीने भिंतीला टेकून गुडघ्याला आराम दिला. सत्तरी उलटलेली बाई, आवाज मात्र बंदरावरच्या मुकादमाचा. "हे बघ, थट्टा राहू दे. आम्ही सहा उरलोय. ओवेन स्पेनला गेला, बिचारी मेटा वारली. कायद्यानं सात माणसं लागतात. सातवं माणूस मिळालं नाही तर ग्लासगोची ती मोठी संस्था आपल्याला गिळायला टपलीच आहे. मग तुझ्या न्हाणीघराचा पाइप फुटला की फोनवर बाई सांगणार, मराल तर एक दाबा, बुडाल तर दोन दाबा."

नेटाला हसू आलं, आणि तिथेच ती फसली.

शॉबर्न हाउसिंग असोसिएशन म्हणजे आमची संस्था. चार-पाच गल्ल्यांतली जुनी दगडी घरं हिच्या मालकीची. ऑफिस कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानात आहे. भिंतींवर अजून पांढऱ्या फरशा, आणि छताला मांस टांगायचा लोखंडी दांडा. मोडलेलं कुलूप, गळका नळ, भांडखोर शेजारी, काहीही असलं तरी माणूस तिथे चालत जातो आणि तोंडावर बोलून येतो. कारभार बघायला पगारी माणसं आहेत, पण त्यांच्यावर कमिटी, आणि कमिटीत भाडेकरूच. हे सगळं तीस-चाळीस वर्षांपूर्वी बेला टोनरसारख्या बायकांनी भांडून मिळवलेलं, म्हणून क्रिसी त्यासाठी जीव टाकायची.

"पण मीच का?" नेटाने विचारलं.

"भाडेकरूंच्या मागच्या सभेत सगळे एकदम ओरडत होते तेव्हा तू कपावर चमचा वाजवलास आणि म्हणालीस, ओळीनं या, सगळ्यांना मिळेल. तेव्हाच मी ठरवलं."

"ती जुनी सवय गं. शाळेतली." नेटा फडकं पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि खालच्या घराचं काय? आमचं नाव आहे त्याच्यासाठी. कमिटीवर आले तर ते..."

"त्याला नियम आहे. वेळ आली की सांगेन," क्रिसी घाईने म्हणाली. मासा गळाला लागत असताना नियम समजावत बसणारी ती नव्हे. हे तिचं चुकलंच.

खालच्या घराची गोष्ट अशी. गिलफिलन जोडपं तिसऱ्या मजल्यावर राहायचं. मर्डो गोदीतला जुना माणूस. जहाजांच्या पोटात शिरून वाफेच्या नळांवर लेप चढवण्याचं काम करायचा. त्या लेपाची धूळ तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. म्हातारपणी तीच त्याच्या फुप्फुसांत घर करून बसली. आता त्याला खोलीतून खोलीत जायचं तरी मध्ये थांबावं लागे. ऑक्टोबरपासून तो जिना उतरला नव्हता. म्हणजे एकदा उतरला, पण ते खुर्चीला बांधून, अँब्युलन्सच्या दोन पोरांच्या हातांवर, आणि ते काही उतरणं नव्हे.

नाताळात तळमजल्यावरचे म्हातारे डन्समोर लार्ग्जला लेकीकडे राहायला गेले आणि त्यांचं घर रिकामं झालं. डागडुजी करून ते वसंतात कुणाला तरी मिळणार होतं, आणि तळमजल्यासाठी थांबलेल्यांत मर्डोचा नंबर सगळ्यांच्या वर होता. त्या घराला जिनाच नाही, दार उघडलं की रस्ता. तेव्हापासून मर्डोच्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा.

"वरून एवढी खाडी दिसते, बोटी दिसतात, पलीकडचे डोंगर दिसतात," नेटा म्हणायची. "खालून काय दिसणार? बसस्टॉप."

"खाडी पाहून झाली माझी. खाडी काही बोलते का? बसस्टॉपवर माणसं असतात, नेटा. माणसं एकमेकांना शिव्या देतात, हवेला नावं ठेवतात. मला ते ऐकायचंय."

एवढं बोललं की तो दम खात बसायचा, आणि नेटा मुद्दाम कपाट आवरायला लागायची, म्हणजे आपण त्याच्याकडे बघतोय असं त्याला वाटू नये.

कमिटीचं तिने त्याला संध्याकाळी सांगितलं. खिमा-बटाटे वाढता वाढता, जणू काही विशेष नाही.

"जा," मर्डो म्हणाला.

"तुला एकट्याला टाकून?"

"मी कुठं पळून जाणार आहे?" तो काटा खाली ठेवून हसला. "जा. परत आलीस की मला सगळं सांग. कोण काय बोललं, कुणाचं नाक कसं वाकडं झालं."

"ते सांगायचं नसतं म्हणे बाहेर."

"मग नाकांपुरतंच सांग."

अशी नेटा कमिटीवर गेली. पहिल्या बैठकीत ती तोंड मिटून बसली. दुसऱ्या बैठकीत छपरांच्या कामाची चर्चा पेंड खात होती, तेव्हा तिने विचारलं की पाऊस कुणाच्या घरात जास्त गळतो ते आधी बघितलं तर नाही का चालणार. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. क्रिसीने टेबलाखाली स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. नेटाला ते काम आवडायला लागलं होतं. घरी येताना ती जिना जरा वेगाने चढायची, आणि मर्डो दाराकडे तोंड करून नाकांची बातमी ऐकायला बसलेला असायचा. बऱ्याच वर्षांत तिला असं बरं वाटलं नव्हतं.

मग सेडी मॅकफी बोलली.

सेडी पहिल्या मजल्यावर राहायची. वाईट बाई नव्हे, पण तिच्या जिभेला कधी सुट्टी नसायची. बेकरीच्या रांगेत ती दोघींना सांगत होती, आणि मागे नेटा उभी आहे हे तिने पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं होतं. सेडीचं सांगता येत नाही.

"डन्समोरचं घर ना? ते झालं ठरलं. नाहीतर इतक्या वर्षांत जिला कमिटीचं तोंड माहीत नव्हतं ती आत्ताच कशी जाऊन बसली? असं मिळतं बाई खालचं घर. आपल्याला अक्कल नाही म्हणून आपण रांगेत."

दोघी हसल्या. नेटा पाव न घेताच दुकानाबाहेर पडली.

दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे सेडीच्या तोंडावर चार शब्द फेकले असते. पण ज्या माणसाने आयुष्यभर शेजारची वाटीभर साखरसुद्धा घेतली नाही, त्याच्या अंगावर असला शब्द पडला की ते सैरभैर होतं. नेटा त्या रात्री झोपली नाही. सकाळी उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि थेट ऑफिसात गेली. टेबलामागे मॉरीन बुकॅनन होती, घरं वाटण्याचं काम तिच्याकडे. कुणाच्या रडण्याने न विरघळणारी आणि ओरडण्याने न हलणारी बाई.

"खालच्या घराच्या यादीतून आमचं नाव काढून टाक," नेटा म्हणाली.

मॉरीनने चष्म्यावरून बघितलं. "मर्डोला बरं आहे?"

"बरं आहे. आम्हाला ते घर नकोय."

"अर्ज तुमच्या दोघांच्या नावावर आहे, नेटा. नाव काढायचं तर दोघांनी सांगायला हवं. मी येऊ का वर त्याला विचारायला?"

"कशाला उगाच एवढा जिना? फोन कर संध्याकाळी. तो सांगेल."

आता मर्डोला काहीतरी सांगणं भाग होतं. आणि जन्मात खोटं न बोललेली नेटा गिलफिलन, आपल्या खरेपणाला डाग लागू नये म्हणून, नवऱ्याशी खोटं बोलली. गंमत बघा कशी असते. ती म्हणाली, "अरे, त्या खालच्या घरात ओल आहे म्हणतात. भिंतींना बुरशी. तुझ्या छातीला ते चालायचं नाही. मॉरीनचा फोन येईल, तिला नको म्हणून सांग."

मर्डोने तिच्याकडे वळून बघितलं. "ओल?" तो म्हणाला. "डन्समोरच्या घरात?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला. नेटाने त्याचा पडलेला चेहरा बघितला. पण तिला वाटलं, हे दुःख दोन दिवसांचं, आणि नाव जन्माचं.

संध्याकाळी फोन वाजला. नेटा मोरीपाशी भांडी घासत होती, पाणी मुद्दाम बारीक सोडलेलं.

"हो, मॉरीन, मीच. हो, सांगितलं तिनं," मर्डो म्हणत होता. "ओल आहे म्हणाली... कसली म्हणजे? भिंतींना... कुठल्याच भिंतीला नाही?... असं... असं... नाही, माझं नाव राहू दे. अजिबात काढू नकोस. नेटाशी मी बोलतो."

त्याने फोन ठेवला. नेटाने नळ बंद केला, पण मागे वळली नाही.

"कोण काय बोललं तुला?" मर्डोने विचारलं. त्याने ओल हा शब्दसुद्धा काढला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतो.

तिने सांगितलं. बेकरी, रांग, सेडी, दोघींचं हसणं, सगळं. सांगता सांगता ती ओले हात फडक्याला पुन्हा पुन्हा पुसत होती. "मी कमिटी सोडते, मर्डो. उद्याच सोडते. मग तर घर घ्यायला हरकत नाही? मग तर कुणी काही म्हणणार नाही?"

"तू सोडलीस की ते सहा राहतात. मग ऑफिस जातं. मग लोक म्हणतील, गिलफिलनच्या पायासाठी संस्था बुडाली. त्यापेक्षा सेडी बरी."

"मग मी करू तरी काय? माझ्या नावाचं काय?"

मर्डोला उत्तर द्यायला वेळ लागला. श्वास जमवावा लागत होता. "सेडीचं तोंड बंद करायला तू माझे पाय दिलेस, नेटा," तो म्हणाला. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात. "तुझ्या नावाला दम लागत नाही. मला लागतो."

नेटा मोरीच्या कडेला धरून उभी राहिली. तिला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, बेकरीतसुद्धा नाही. ज्याला ती इतकी वर्षं स्वाभिमान म्हणत आली, त्याची किंमत दर वेळी तिने एकटीनेच मोजली होती असं थोडंच होतं? बिनसाखरेचा चहा मर्डोही प्यायला होता. तो कधी बोलला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी क्रिसी लॅफर्टी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आली. या खेपेला तिने दार वाजवलं. मॉरीनने तिला काही सांगितलं नव्हतं, मॉरीन सांगायची नाही. मर्डोनेच फोन करून बोलावलं होतं.

"मूर्ख बाई!" दार उघडताच क्रिसी म्हणाली. "आणि मी तुझ्याहून मूर्ख. मर्डो, पाणी दे रे. नको, तू बस, मी घेते." ती पाणी पिऊन मटकन बसली. "तू मला जिन्यावर विचारलं होतंस, नेटा, आणि मी तुला गप्प केलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. ऐक आता. कमिटीवरच्या माणसाचा स्वतःचा विषय निघाला, की त्यानं उठायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, हे माझं आहे, मला हे हवंय. मग बाहेर जायचं. बाकीचे ठरवतात, मॉरीनचा कागद बघून. मग परत आत यायचं आणि बसायचं. संपलं. चोरून घेतलं तर पाप. सांगून, बाहेर जाऊन, मिळालं तर ते तुझं."

"आणि लोक?"

"लोक बोलणार. माझं स्वयंपाकघर नवीन केलं, गल्लीतल्या सगळ्यांबरोबरच केलं, तेव्हा लोक म्हणाले, क्रिसीकडे सोन्याचा नळ लावलाय. दोघीतिघी तर चहाच्या निमित्तानं नळ बघून गेल्या. मी काय करू? नळ उखडून टाकू? घरात पाणी नको?"

मर्डो हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. नेटा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ठसका थांबल्यावर ती म्हणाली, "सांगताना फक्त एवढंच सांगायचं ना? मला हवंय?"

"एवढंच."

"ते मला जमणार नाही गं."

"ठाऊक आहे," क्रिसी म्हणाली. "म्हणून तर तू पाहिजेस."

मार्चच्या बैठकीला सातही जण आले. चहा झाला, मागच्या बैठकीचं वाचून झालं, आणि क्रिसीने चष्मा पुसत पुढचा विषय काढला, तळमजल्याचं घर. नेटा उठली. तिने घरून वाक्य पाठ करून आणलं होतं, चांगलं लांबलचक, पण उभी राहिल्यावर त्यातला एक शब्द आठवेना.

"ते घर आम्हाला हवंय," ती म्हणाली. "मर्डोला जिना उतरवत नाही. तो आत कोंडून पडलाय. मला ते फार हवंय."

'फार' हा शब्द तिने ठरवला नव्हता. तो आपला आपणच आला.

खाटकाच्या दुकानाला कसला आलाय व्हरांडा. बाहेर रस्त्यावर पाऊस पडत होता. म्हणून विषय स्वतःचा असला की आमच्या कमिटीचं माणूस जाऊन बसतं ते मागच्या जुन्या थंड खोलीत, जिथे पूर्वी अख्खे बोकड टांगत असत. आता तिथे रंगाचे डबे, झाडू आणि टॉयलेटचे कागदी रोल ठेवतात. भिंती हातभर जाड, दार त्याहून जाड. आत ठेवलेली खुर्ची एकच. दार लागलं की बाहेर जग बुडालं तरी आत ऐकू येत नाही.

नेटा रोलांच्या गठ्ठ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली. सुरुवातीला तिला वाटलं, होईलच आता. मग वाटलं, चर्चा चाललीय. मग वाटलं, चर्चा नाही, वाद चाललाय. सेडी सगळ्यांशी बोलली असणार. कुणी म्हणत असेल, दोनच महिने झाले हिला येऊन. वेळ जात राहिला तशी तिने एकेकाला आपल्या विरुद्ध उभं केलं. फक्त क्रिसी तेवढी शिल्लक ठेवली, आणि मग क्रिसीलाही नियमात अडकवलं. तिच्या मनात पुन्हा आलं, उठावं, दार ढकलावं आणि म्हणावं, राहू द्या, नकोय आम्हाला. उठलीसुद्धा. दारावर हात ठेवला.

आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसलेला मर्डो दिसला. ओल आहे म्हटल्यावर 'बरं' म्हणणारा.

नेटा परत येऊन बसली. नाही मिळालं तर पुन्हा मागेन, तिने ठरवलं. पुढचं घर निघेल तेव्हा मागेन, त्याच्या पुढचं निघेल तेव्हा मागेन. या खोलीत बसून बसून गारठले तरी चालेल.

बाहेर काय झालं होतं ते आता गावाला माहीत आहे, कारण क्रिसी स्वतःच ते सांगून हसते. मॉरीनने सांगितलं की मर्डोचा नंबर डन्समोर जाण्याच्या आधीपासून पहिला आहे, डॉक्टरचं पत्र आहे, दुसरं कुणी जवळपास नाही. कुणी काही विचारलं नाही. सहा हात वर झाले, अर्धा कप चहा संपायच्या आत. मग कचऱ्याच्या डब्यांचा विषय आला, आणि कचऱ्याच्या डब्यांवर आमच्याकडे माणसं पेटून उठतात. डबे मागच्या अंगणात हवेत की पुढे, यावर रणधुमाळी माजली. शेवटी मतं घ्यायची वेळ आली. तीन हात इकडे, तीन हात तिकडे.

"सातवा हात कुठाय?" क्रिसीने विचारलं.

सगळे टेबलाभोवती बघायला लागले. मग सगळेच एकदम उठले.

दार उघडलं तेव्हा नेटा खुर्चीत ताठ बसलेली होती, ओठ निळे पडलेले, मांडीवर पांघरायला कुणाचा तरी रंगाने बरबटलेला अंगरखा. तिने सहा जणांचे गोरेमोरे चेहरे बघितले आणि म्हणाली, "नाही म्हणालात. असू दे. पण कारण सांगा."

"अगं बाई," क्रिसीला रडावं की हसावं कळेना, "घर तुझंच आहे. केव्हाच झालंय. आम्ही तुला विसरलो!"

नेटाने त्यांच्याकडे आळीपाळीने बघितलं. मग ती उठली, आत येऊन आपल्या जागी बसली, गार झालेला चहा एका घोटात प्यायली. "डबे मागे," ती म्हणाली. "पुढे वारा आहे." आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि सगळे आपापल्या कपात बघत राहिले.

सामान एप्रिलमध्ये हललं. कपाटं, पलंग, टीव्ही पुतण्यांनी सकाळीच खाली नेलं. वर उरले मर्डो आणि नेटा. खुर्चीला बांधून घ्यायला त्याने साफ नकार दिला होता. "मी चालत उतरणार," तो म्हणाला. "हा जिना मी लग्नाच्या दिवशी चढलोय."

एक हात कठड्यावर, एक नेटाच्या खांद्यावर, असा तो उतरायला लागला. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. दुसऱ्या मजल्यावर तो भिंतीला टेकून इतका वेळ उभा राहिला की नेटाने पुतण्यांना हाक मारायचं ठरवलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. पुढच्या वळणावर त्याचे गुडघे लटपटायला लागले, आणि नेटाला कळेना, आता याला धरावं कसं आणि टेकवावं कुठे.

पहिल्या मजल्यावर सेडी मॅकफीचं दार सताड उघडं होतं. दाराबाहेर एक खुर्ची मांडलेली, चांगली, दिवाणखान्यातली, हातवाली, वर उशी. सेडी दारात हाताची घडी घालून उभी होती.

नेटा वरच्या पायरीवरच थांबली. बेकरीतल्या त्या दिवसापासून सेडीसाठी तिने मनात कितीतरी उत्तरं रचून ठेवली होती, एकापेक्षा एक झोंबणारी.

"बस, मर्डो," सेडी म्हणाली. तो बसला, म्हणजे कोसळलाच. सेडीने उशी त्याच्या पाठीमागे सारली. मग नेटाकडे न बघता ती म्हणाली, "मी बोलले ते बोलले, आणि पुढेही बोलणार. कमिटीवर बसलीस तर ऐकून घ्यावं लागेल."

"घेईन," नेटा म्हणाली.

"ही खुर्ची त्याच्यासाठी आहे. कमिटीसाठी नाही."

"कळलं."

सेडी आत गेली आणि ग्लासभर पाणी घेऊन आली. मर्डो तो ग्लास दोन्ही हातांनी धरून थोडं थोडं पाणी प्यायला. नेटा त्याच्या एका बाजूला उभी राहिली, सेडी दुसऱ्या बाजूला. रचून ठेवलेलं एकही उत्तर नेटाला आठवत नव्हतं, आणि आठवायचंही नव्हतं. खालच्या उघड्या दारातून रस्त्याचा उजेड जिन्यावर आला होता. मर्डोचा श्वास हळूहळू जागेवर येत होता, आणि त्या दोघी तो येईपर्यंत थांबल्या.